पोळ्यापासून नव्या वर्षापर्यंत: अमेरिकन विद्यापीठाचा मार्चिंग बँड गावात बसून कसा पाहावा

मॅच लावून बसलात तर बँड दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये मध्यंतर २० मिनिटांचं असतं. त्यात दोनशे-तीनशे मुलंमुली वाजवत वाजवत मैदानभर आकृत्या काढतात आणि नेमके तेव्हाच टीव्हीवाले कॅमेरा स्टुडिओत नेऊन जाणकारांची चर्चा लावून देतात. रात्री अकरापर्यंत डोळे ताणून जागायचं आणि हाती काय, तर टाय लावलेली चार माणसं. म्हणून मॅचच्या नादी न लागता थेट बँडच्या मागावर राहायचं. त्याची रीत थोडी वेगळी आहे. शाळेचं बँडपथक किंवा लेझीम बसवणारे शिक्षक, बँड पार्टीतले वाजवणारे आणि ज्यांच्या घरचं लेकरू तिकडे शिकायला गेलंय, अशा सगळ्यांना ती कामी यावी.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू, हेल्मेट, हाताने फेकाफेक. १५-१५ मिनिटांचे चार डाव असतात, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे मॅच तीन-साडेतीन तास चालते. खेळाचे नियम यापेक्षा जास्त माहीत नसले तरी बँड पाहायला काही अडत नाही.

हंगाम आपल्या कॅलेंडरवर बसवा

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होतो. आपल्याकडे पोळा फुटतो त्याच सुमारास, कधी जरा आधी, कधी जरा नंतर. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाच्या पहिल्या वेच्यापर्यंत निम्मा हंगाम झालेला असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याच्या आगेमागे जुन्या हाडवैऱ्यांच्या मॅचेस होतात आणि साधा हंगाम संपतो. डिसेंबर-जानेवारीतल्या ‘बोल’ नावाच्या मॅचेस फक्त चांगल्या संघांच्या वाट्याला येतात.

साध्या हंगामात एका संघाच्या १२ मॅचेस असतात, त्यांतल्या सहा-सात घरच्या मैदानावर. आपलं काम या सहा-सात शनिवारांशी. बाहेरगावच्या मॅचला पूर्ण बँड क्वचितच जातो. तीनशे माणसं, त्यांची वाद्यं आणि त्यांचं जेवण बसगाड्यांतून न्यायचं म्हणजे खर्च फार, म्हणून लहान तुकडी पाठवतात. ती प्रेक्षकांत बसून वाजवते, मैदानात उतरतेच असं नाही. वेळापत्रकात घरच्या मॅचेसना खूण करा आणि बाकीच्या शनिवारी निवांत झोपा.

खुणा करताना दोन दिवस वेगळे दाखवा. पहिला ‘होमकमिंग’चा, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात तो. त्या दिवशी म्हातारे वाजवणारेही जुनी वाद्यं घेऊन मैदानात उतरतात. पाहायला गंमत येते, पण सत्कार-समारंभात मध्यंतराची बरीच मिनिटं जातात आणि मूळ कार्यक्रम आखूड होतो. दुसरा दिवस घरच्या शेवटच्या मॅचचा. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप असतो आणि हंगामातला सगळ्यात घोटलेला कार्यक्रम बहुधा त्याच दिवशी बघायला मिळतो.

कोणता बँड धरायचा

सगळे बघायला गेलात तर एकही नीट बघून होणार नाही. पहिल्या वर्षी एकच धरा. घरचं कोणी ज्या विद्यापीठात आहे तो असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ढंग पाहून निवडा.

गुडघा उचलून, कवायतीसारखं कडक चालणारा जुना ढंग हवा असेल तर ओहायो स्टेट. त्यांच्याकडे फक्त पितळी वाद्यं आणि ताल-वाद्यं. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. वाजवणारे सव्वादोनशेच्या आसपास. चालत्या रांगेने ‘ओहायो’ ही अक्षरं जोडलिपीत काढायची त्यांची रीत १० ऑक्टोबर १९३६ पासूनची आहे. शेवटी ‘आय’ या अक्षरावरचा टिंब द्यायला सुझाफोनवाला ऐटीत चालत येतो आणि त्या एका टिंबासाठी सगळं स्टेडियम उभं राहतं. सुझाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर बसणारं, डोक्यावर मोठं तोंड उघडणारं वाद्य. त्यांचा ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे राहून हाताने ताल देणारा म्होरक्या, मागे इतका वाकतो की टोपीचा तुरा जमिनीला टेकतो. हे लेकरांना दाखवा, पण करून बघू देऊ नका.

पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १८८६ पासूनचा. १९०७ मध्ये सरळ लष्करी रांगा मोडून त्यांनी मैदानावर ‘पी’ अक्षर काढलं. त्यांचा एक अवाढव्य ढोल आहे, १९२१ मध्ये बनवलेला. चाकाच्या गाड्यावर ठेवून ढकलत आणावा लागतो. चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग विद्यार्थी असताना याच बँडमध्ये बॅरिटोन हॉर्न वाजवायचा. या पथकांत संगीत हाच मुख्य विषय घेतलेली मुलं बहुधा थोडी असतात. जास्त भरणा इंजिनीअरिंग, शेती आणि वाणिज्य शिकणाऱ्यांचा.

लष्करी शिस्त पाहायची तर टेक्सास ए अँड एम. रांगांतून रांगा आरपार जातात, अक्षर-चित्रांच्या भानगडीत ते फारसे पडत नाहीत.

पण नागपूर-भंडाऱ्याकडचं संदल किंवा धुमाल ऐकून ज्यांचे पाय थिरकतात त्यांनी सरळ कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांकडे वळावं: सदर्न, ग्रॅम्ब्लिंग स्टेट, जॅक्सन स्टेट, फ्लोरिडा ए अँड एम. तिथे पितळी वाद्यांचा भरणा असतो, ढोलवाले नाचत वाजवतात आणि मॅचचा निकाल लोक विसरले तरी कोणाचा बँड भारी पडला हे विसरत नाहीत. मॅच संपल्यावर दोन्ही बँड समोरासमोर बसून आळीपाळीने वाजवतात, त्याला ‘पाचवा डाव’ म्हणतात. ग्रॅम्ब्लिंग आणि सदर्न यांची मॅच थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात न्यू ऑर्लीन्सला होते आणि दोन्ही बँडांचा जंगी सामना आदल्या रात्री ठेवतात. फ्लोरिडा ए अँड एमचा बँड १४ जुलै १९८९ ला पॅरिसच्या संचलनात चालला होता. फ्रेंच राज्यक्रांतीला २०० वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. नव्याने पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं मत. कडक कवायतीची गोडी नंतर लागते.

स्टॅनफर्डसारखे काही बँड रांगा धरतच नाहीत, नुसते पळत सुटतात आणि टवाळी करतात. २० नोव्हेंबर १९८२ ला मॅच संपली समजून हाच बँड मैदानात घुसला होता. समोरच्या कॅलिफोर्नियाच्या खेळाडूने त्यांच्या गर्दीतून वाट काढत गुण घेतले, एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा केला आणि मॅच २५-२० अशी फिरवली. अमेरिकेत ती चित्रफीत अजून दाखवतात.

वेळेचं गणित

घोळ होतो तो इथेच. तिकडची शनिवारची दुपार म्हणजे आपली शनिवारची रात्र, आणि तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट. ओहायो, पर्ड्यू, फ्लोरिडा ए अँड एम ही पूर्वेकडच्या वेळेची ठिकाणं. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवा. दुपारी १२ ची मॅच आपल्याकडे रात्री ९:३० ला, ३:३० ची रात्री १ ला, संध्याकाळी ७:३० ची रविवारी पहाटे ५ ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात, की फरक साडेदहा तासांचा होतो. हे विसरलात तर एक तास आधी येऊन बसाल. सदर्न, ग्रॅम्ब्लिंग, जॅक्सन स्टेट आणि टेक्सास ए अँड एम मध्य वेळेत येतात. त्यांना आणखी एक तास मिळवा: आधी साडेदहा, नोव्हेंबरनंतर साडेअकरा.

मध्यंतर मॅच सुरू झाल्यापासून साधारण दीड तासाने येतं, पण पक्कं सांगता येत नाही. फेकाफेक जास्त झाली की घड्याळ जास्त थांबतं. मॅचआधीचा बँडचा कार्यक्रम मात्र ठरल्या वेळी होतो. सुरुवातीच्या वीसेक मिनिटं आधी ढोलवाले आत येतात, मागून रांगा, विद्यापीठाचं गीत, राष्ट्रगीत आणि संघासाठी दोन रांगांमधली वाट. दर मॅचला तो जवळपास तोच असतो, म्हणून दोन-तीनदा पाहिला तरी पुरे.

वेळापत्रकात वेळेच्या जागी ‘टीबीए’ दिसलं तर घाबरू नका, वेळ ठरायची आहे एवढाच त्याचा अर्थ. टीव्हीवाले बहुधा १२ दिवस आधी वेळ ठरवतात, कधी सहाच दिवस आधी. सोमवारी-मंगळवारी एकदा वेळापत्रक उघडून बघायची सवय ठेवा.

चित्रफीत कुठली घ्यायची

थेट पाहायचा हट्ट सोडा. बँडचं स्वतःचं यूट्यूब चॅनल शोधा. इंग्रजी अक्षरांत विद्यापीठाचं पूर्ण नाव, पुढे ‘मार्चिंग बँड’, ‘हाफटाइम’ आणि साल एवढं टाका. चॅनल खरंच बँडचं की कुणा चाहत्याचं हे त्यावरच्या जुन्या चित्रफितींवरून कळतं. सबस्क्राइब करून घंटी दाबा. मध्यंतराचा कार्यक्रम काही बँड दुसऱ्याच दिवशी चढवतात, काही आठवडाभर लावतात.

एकाच कार्यक्रमाच्या दोन चित्रफिती मिळाल्या तर ‘हाय कॅम’ म्हणजे उंचावरून, एकाच जागेवरून घेतलेली आधी बघा. दुसरीत चेहरे, तुरे, घाम सगळं जवळून दिसतं, पण कॅमेरा दर पाच सेकंदांनी उडी मारतो आणि आकृती कशी बदलली हे हातातून निसटतं. प्रेक्षकांनी फोनवर काढलेल्या चित्रफितींचा उपयोग एकच: ढोलवाल्यांच्या जवळ उभं राहून कोणी काढली असेल तर हात स्पष्ट दिसतात.

आठ-दहा मिनिटांच्या कार्यक्रमाला ७२० च्या दर्जाला साधारण दीडशे-दोनशे एमबी जातात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये आरामात बसतं, पण संध्याकाळी अख्खं गाव फोनवर असतं तेव्हा चाक फिरत बसतं. पहाटे किंवा रात्री उशिरा डाउनलोड करून ठेवा. ३६० च्या खाली जाऊ नका. उंचावरून घेतलेल्या चित्रात माणूस आधीच मुंगीएवढा, त्यात दर्जा घसरला की रांग वाकडी की चित्र वाकडं हे कळत नाही.

काही चित्रफिती दोन दिवसांनी गायब होतात किंवा मधला आवाजच जातो. लोकप्रिय गाण्यांवर कार्यक्रम बसवलेला असतो आणि मैदानात वाजवण्याची परवानगी वेगळी, चित्रफितीवर चढवण्याची वेगळी. आवडलेला कार्यक्रम लगेच पाहून घ्या, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

एक कार्यक्रम चार वेळा

पहिल्यांदा न थांबवता, पूर्ण. काही शोधू नका.

दुसऱ्यांदा एकच माणूस धरा. कडेचा सुझाफोनवाला सोपा, कारण वाद्याचं तोंड वरून ठळक दिसतं. तो कुठून निघाला, किती पावलं चालला, कुठे थांबला हे बोटाने स्क्रीनवर धरत राहा. मैदानावर दर पाच यार्डांवर, म्हणजे १५ फुटांवर, पांढरी रेघ असते. बहुतेक बँड एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत आठ पावलं टाकतात. १५ फूट म्हणजे १८० इंच, भागिले आठ, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. प्रत्येकाला आपली जागा तोंडपाठ असते: अमक्या रेघेपासून इतकी पावलं, कडेपासून इतकी. मिनिटाला १४० ठोके असतील तर मिनिटाला ८० मीटर चालणं होतं, तेही फुंकत. पितळी सुझाफोन १२ ते १६ किलोंचा असतो, हे लक्षात घेऊन तो माणूस पाहा.

तिसऱ्यांदा फक्त रांगा. आकृती पूर्ण झाली की चित्र थांबवा. सरळ रांगेपेक्षा तिरकी रांग लवकर बिघडते, आणि तिरकीपेक्षा गोल. गोलात प्रत्येकाने दोन्ही बाजूंचं अंतर सांभाळायचं असतं आणि एकजण चुकला की पोट बाहेर येतं. दिशा बदलते त्या पावलावर वेग ०.५ करा. चांगल्या बँडमध्ये सगळ्यांचे खांदे एकाच पावलाला वळतात; कच्च्यात ते शेतातल्या वाऱ्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं. संगणकावर असाल तर चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक चौकट मागे-पुढे करता येते.

पावलांचे ढंगही इथेच ओळखू येतात. गुडघा उचलून चालणाऱ्यांचं वरचं अंग किंचित हलतं. टाच टेकवून पाऊल सरकवत चालणारे मात्र विहिरीवरून भरलेला गुंड डोक्यावर आणणाऱ्या बाईसारखे चालतात: पाय झपझप, मान स्थिर. वाजवताना ओठावर धक्का बसू नये म्हणून ही चाल.

चौथ्यांदा डोळे मिटून, कान लावून. ढोलवाल्यांत चार प्रकार ऐका: कडक आवाजाचा स्नेअर, एकाच माणसाच्या पोटावर चार-पाच तोंडांचा संच असलेला टेनर, झांज, आणि लहान-मोठे चार-पाच बास ड्रम. बास ड्रमची गंमत अशी की एकच ताल पाच माणसांत वाटलेला असतो. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन ठोके, आणि सगळे जुळले की एकाच माणसाने वाजवल्यासारखं उतरत जातं. एकाचा ठोका केसभर उशिरा आला तरी लगेच कानाला टोचतं.

आवाज मागे का पडतो

मैदानाची रुंदी जवळपास ४९ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला ०.१४ सेकंदाने पोचतो. १४० च्या लयीत तो एका ठोक्याचा तिसरा हिस्सा झाला. मागे उभा असलेला ढोलवाला पुढच्या ट्रम्पेटचा आवाज ऐकून वाजवायला गेला तर प्रेक्षकांना तो याच्या दुप्पट उशिरा ऐकू येणार, कारण आवाज आधी मागे जातो आणि मग पुढे येतो. म्हणून मागच्यांनी कान बंद ठेवून ड्रम मेजरच्या हातावर वाजवायचं. ढोलवाले मध्यभागी आणि मागे ठेवले तर पुढच्यांना त्यांच्या आवाजावर विसंबता येतं, कारण दोन्ही आवाज प्रेक्षकांकडे एकत्रच जातात. वरातीत रस्ता लांब झाला की ढोल आणि क्लॅरिनेटचं फाटतं, त्याचं कारणही हेच. वाजवणाऱ्याला उगाच दोष देतात.

नोव्हेंबरात आणखी एक फरक ऐकू येतो. थंडीत पितळी वाद्याचा सूर उतरतो, कारण नळीतली हवा थंड असली की आवाज हळू चालतो. मे महिन्याच्या लग्नात आपल्याकडे ट्रम्पेट चढते, त्याच्या उलट. खूप गारठ्यात वाद्याचे दट्टेही अडकतात. पावसात क्लॅरिनेटच्या गाद्या भिजून फुगतात, म्हणून लाकडी वाद्यं कधी मैदानातच आणत नाहीत. पावसाच्या दिवशीचा कार्यक्रम पातळ वाटला तर आधी हवामान बघा, मग नाव ठेवा.

नव्या वर्षाचा दिवस

१ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहरात रोझ परेड नावाची मोठी मिरवणूक असते, सकाळी ८ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री ९:३०. तारीख रविवारी आली तर परेड सोमवारी २ ला होते. अंतर साडेपाच मैल, जवळपास नऊ किलोमीटर. सुरुवातीलाच ११० अंशांचं एक वळण आहे, आणि बँडची खरी परीक्षा तिथेच. आतल्या बाजूचा माणूस जवळपास जागेवर पाय आपटतो, बाहेरचा ढांगा टाकतो आणि मधले सगळे प्रमाणात. रांग वळतानाही सरळ राहिली तर समजा तालीम झाली आहे. वळणावर बाहेरची बाजू मागे लोंबकळली तर बाहेरच्याने पाऊल पुरेसं लांब केलेलं नसतं.

शाळेच्या मैदानावर

२६ जानेवारीच्या पथकाला हे लावायचं तर आकृत्यांची नक्कल करू नका, रेघांची करा. दोरीला १५-१५ फुटांवर गाठी बांधा आणि त्या मापाने चुन्याच्या समांतर रेघा ओढा. पाचवी-सहावीच्या लेकरांना साडेबावीस इंच लांब पडतात. त्यांच्यासाठी पाऊल १८ इंच धरा, म्हणजे गाठी १२ फुटांवर. पहिले तीन दिवस वाद्य नको: नुसतं मोजत आठ पावलांत रेघ गाठायची, डावा पाय पहिल्या ठोक्याला. सातव्या पावलाला रेघ आली तर पाऊल मोठं पडतंय. रेघेच्या अलीकडेच आठ संपले तर लहान. मान खाली घालून रेघ बघू देऊ नका, तळव्यालाच अंदाज यायला हवा. चौथ्या दिवशी ढोल, आठवड्याने बाकीची वाद्यं. रांगेत सगळ्यात पक्कं पोर कडेला ठेवा. सगळे मधल्याला बघतील असं वाटतं, पण वळताना भार कडेवरच येतो.

रेघा आदल्या संध्याकाळी ओढू नका. जानेवारीत रात्रभर दव पडतं, चुना भिजतो आणि सकाळी पांढरे बूट आधीच राखाडी होतात. पहाटे, झेंड्याच्या तासभर आधी टाका.